शेखरची मुदत

१ मार्च २०२५, शनिवार. अकोला

सकाळच्या एसटीने अमरावतीहून निघालो, साडेदहाला पोचलो. स्टँडवर शेखरच्या सोबती मंडळाचे चार जण हार घेऊन उभे होते. मंडळाचे चिटणीस मोतीरामजी यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी पहिला हार माझ्याआधी उतरलेल्या एका माणसाच्या गळ्यात घातला. तो माणूस हात जोडून हारासकट निघून गेला. सगळे खूप हसले. मोतीरामजी म्हणाले, जाऊ द्या बाप्पा, त्यालेबी कोनं कवा हार घातला असन. मग रिक्षातून दुसरा आणून मला घातला. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो त्या दिवसानंतर माझ्या गळ्यात हार पडला नव्हता. बरं वाटलं असावं.

शेखरचं घर जुन्या शहरात आहे. खाली त्याचं फुलांचं दुकान, ते आता बंद. वर दोन खोल्या. शेजारच्या गोदाबाईंनी घर झाडून, माठ भरून ठेवला होता. दुपारी त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. खिडकीतून मोर्णा नदीचं पात्र दिसतं. जागा चांगली आहे.

शेखर माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. त्यात माझं लग्न राहून गेलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दुकानात हार ओवता ओवता तो कलला आणि गेला. बावन्न वर्षांचा होता. अग्नी मी दिला. तेव्हा रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. भूक लागते, झोप लागते, पण दिवस लक्षात राहत नाहीत. म्हणून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होतो, तेवढंच मला लिहिता येतं.

शेखरची एकुलती मुलगी करिश्मा नागपूरला नोकरी करते. तिची आई ती शाळेत असतानाच वारली. घर बंद पडू नये म्हणून तिनेच मला इथे राहायला सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला. मोठेबाबा, पोचलात का, जेवलात का, असं विचारलं. दोन्हीला हो म्हणालो.

२ मार्च, रविवार

मंडळाच्या सभेला गेलो. सभा दर रविवारी दुपारी चार वाजता. सभागृह नदीकाठी आहे, घरापासून पाच मिनिटं. भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या लोकांनी हे मंडळ काढलं त्याला सत्तर-ऐंशी वर्षं झाली. कोणाकडे मयत झाली की तिरडी बांधण्यापासून तेरवीच्या पंगतीपर्यंत सगळं सोबती करतात. लग्नाला भांडी आणि सतरंज्याही मंडळाच्याच.

समोर ओळीने पाच खुर्च्या आहेत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, भांडी सांभाळणारा कोठीवाला, द्वारपाल. दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्रत्येक जण एक खुर्ची वर सरकतो. अध्यक्ष उतरून खाली सतरंजीवर बसतो आणि सतरंजीवरचा एक जण द्वारपाल होतो. मतदान नाही, भांडण नाही. शेखर गेल्या वर्षी उपाध्यक्ष झाला. या अखजीला तो अध्यक्ष झाला असता.

त्याची खुर्ची रिकामी आहे. खुर्चीच्या हातावर त्याचा शेला घडी करून ठेवला आहे. मला वाटलं दुःख म्हणून रिकामी ठेवली असेल. पण मंडळाचा नियमच आहे. अध्यक्ष सूर्यभानजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि ही त्यांची तिसरी पाळी. त्यांनी मला समजावून सांगितलं, मेला म्हून कोनी मंडळ सोडत नाही भाऊ, त्याची मुदत पुरी व्हा लागते. अखजीपर्यंत त्याच्या घरचा एक माणूस खुर्चीमागे उभा राहतो. त्याला जोडीदार म्हणतात. नावं पुकारली की जोडीदाराने मेलेल्याच्या वतीने हजर म्हणायचं. अखजीला मेलेल्याला पान वाढतात, नव्या यादीत त्याच्या नावापुढे 'मोकळा' असं लिहितात आणि खुर्ची मागच्या खुर्चीवरच्याला देतात. चार महिने शेखरला जोडीदार नव्हता. माझी वाट पाहत होते.

उभा राहिलो. नाव आल्यावर हजर म्हणालो. विशेष काही वाटलं नाही. नंतर चहा आणि पोहे.

१६ मार्च, रविवार

मागच्या रविवारी नव्या वर्षाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. ते चिटणिसाचं काम, पण मोतीरामजींना ओळी दिसत नाहीत. ते म्हणाले की मागच्या पाळीत चिटणीस असताना त्यांनी कोठीवाल्याच्या जागी त्याच्या बायकोचं नाव लिहिलं होतं आणि भांडी वर्षभर जास्त चांगली राहिली. सूर्यभानजींनी मंडळाचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. यादी रजिस्टरमध्ये लिहायची. एप्रिलात तीन रविवार वाचायची. अखजीच्या सभेत ती पक्की होते आणि मग वर्षभर हात लावता येत नाही. त्याआधी चूक निघाली तर ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं, दुसऱ्याने नाही.

कोणाला किती वर्षं झाली ते मागच्या पानांवरून काढून तक्ता केला. चार दिवस बरे गेले.

२३ मार्च, रविवार

आज सभेत खुर्चीच्या पाठीवर माझे दोन्ही हात होते. हिशेबाचं वाचन चालू असताना पाठ माझ्या तळव्यांवर टेकली. माणूस बसल्या बसल्या मागे रेलतो तशी. सागवानी खुर्ची आहे, चार पायांवर घट्ट उभी. मी हात काढले नाहीत.

वाचन संपेपर्यंत ती रेललेली होती. संपल्यावर सरळ झाली. शेखर कंटाळला की असाच रेलायचा.

कोणाला सांगितलं नाही. घरी आलो, जेवलो. गोदाबाईंना म्हणालो भाजी चांगली झाली.

३० मार्च, गुढीपाडवा

सभा सणामुळे सकाळी होती. उपाध्यक्ष शेखर मेहरे असं मोतीरामजींनी पुकारलं. मी तोंड उघडायच्या आधी हजर असं ऐकू आलं. आधी घसा खाकरला, मग हजर. आवाज माझ्याच गळ्यातून आला, पण तो माझा नव्हता.

खाली बसलेल्यांपैकी काहींनी मान डोलावली. त्यांना हे नवीन नाही असं दिसलं. परत येताना मी मोतीरामजींना विचारलं. ते म्हणाले, बोलतेत कधी कधी. चांगलं रायते. अखजीले जेवतेत अन् जातेत. तुमी मनाले लावून घेऊ नका.

अखजीला तो जाणार. म्हणजे एक महिना.

३ एप्रिल, गुरुवार

यादी लिहिली. उपाध्यक्ष मोतीरामजी, चिटणीस सध्याचा कोठीवाला, कोठीवाला सध्याचा द्वारपाल, द्वारपाल नवीन. अध्यक्षाच्या ओळीवर थांबलो. तिथे नियमाप्रमाणे वरिष्ठांतला एक जिवंत माणूस घ्यायचा आणि खाली शेखर मेहरे, मोकळा असं लिहायचं.

मी अध्यक्ष शेखर मेहरे असं लिहिलं.

पाळी त्याचीच होती. चार वर्षं तो एकेक खुर्ची सरकत आला. अध्यक्षाची मुदत एक वर्ष असते. एक वर्ष तरी तो रविवारी भेटेल. खाली सही करून रजिस्टर बंद केलं. शाई नीट वाळू दिली. दिवाळीनंतर पहिल्यांदा काहीतरी स्वतःहून केलं असं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

पहिलं वाचन. अध्यक्ष शेखर मेहरे असं मी वाचलं. मोतीरामजी हसून म्हणाले की आता तर डोळेवालाबी चुकला. पण कोणी हसलं नाही, आणि मग तेही थांबले.

सूर्यभानजींनी विचारलं, काहून लिहिलं हे. मी म्हणालो, पाळी त्याची होती. ते म्हणाले, मेलेल्याची मुदत पुरी करतेत, त्याले नवी देत नाहीत. खोडून टाका. मी म्हणालो बघतो.

खुर्चीची पाठ तळव्याखाली कोमट होती.

९ एप्रिल, बुधवार

पारा त्रेचाळीसच्या वर. गोदाबाई पदराने सारख्या मान पुसत होत्या. मला घाम आला नाही. कूलर लावला नाही. दुपारी गच्चीवर उभा राहून पाहिलं. फरशी तापलेली होती, तळपायांना फक्त फरशी आहे एवढं कळलं.

१३ एप्रिल, रविवार

दुसरं वाचन. खोडलेलं नाही.

आज तो बराच वेळ बोलला. ठरावावर मत दिलं, तिरडीचे बांबू बदलायला सांगितले. एका म्हाताऱ्याची थट्टाही केली. लोक खाली मान घालून ऐकत होते. माझे ओठ हलत होते. घरी येईपर्यंत मला माझा आवाज काढता आला नाही.

तरी सांगतो, मला बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

फोन माझं बोट ओळखत नाही. दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी आकडे दाबून उघडला.

किराणा दुकानात उभा होतो. माझ्यानंतर आलेले तिघे सामान घेऊन गेले. दुकानदाराला दोनदा हाक मारली. साखर न घेता परत आलो. चहाला तशीही चव लागत नाही.

गोदाबाई डबा ठेवून गेल्या. मी दारातच होतो. त्या माझ्या अंगावरून बघून म्हणाल्या, कुटी गेले हे भाऊ, दार उघडं टाकून.

२० एप्रिल, रविवार

तिसरं वाचन. खोडलेलं नाही. मीच वाचलं की त्याने, सांगता येत नाही.

सभेनंतर सूर्यभानजी घरी आले. काठी टेकत जिना चढले. त्यांना मी दिसतो, पण नीट बघावं लागतं. ते म्हणाले, मुदत चालवाले जीव लागते भाऊ. त्याच्यापाशी तो नाही. तो तुमच्यातून घेऊन राहिला. त्यांच्या वडिलांच्या काळी एकाने आपल्या मेलेल्या बापाला असंच वर चढवलं होतं. जोडीदार मुलगा चार महिने टिकला. त्याच्यामागे त्याचा भाऊ उभा राहिला, मग सून. वर्ष पुरं झालं तेव्हा घरात दिवा लावायला कोणी नव्हतं.

मी म्हणालो, माझ्यामागे कोणी नाही. मी संपलो तर हरकत नाही.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, त्याच्यामागं पोरगी हाये ना.

ती नागपूरला असते, आणि मंडळ पुरुषांचं आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, खुर्चीले पोरगा-पोरगी समजत नाही. घरचं कोनी पायजे. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, अखजीच्या चार वाजेलोक खोडा. मंग आमच्याबी हातात नाही.

२१ एप्रिल

करिश्माचा विचार मी केलाच नव्हता. लिहिताना ती डोळ्यासमोर नव्हती. फक्त तो होता.

२४ एप्रिल

करिश्माचा फोन. नागपुरात पंचेचाळीस आहे, सगळे भाजून निघताहेत, आणि तिची बोटं गार पडतात. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या. हे सगळं तिने हसून सांगितलं. मग म्हणाली, मोठेबाबा, रविवारी चार वाजता घसा खाकरल्यासारखं ऐकू आलं, अगदी बाबांसारखं. वेडी झाले का मी.

अखजीला येते म्हणाली. बाबांच्या पानाला.

मी येऊ नको म्हणालो. तिला ऐकू आलं नाही. हॅलो, हॅलो करत होती.

२५ एप्रिल

रजिस्टर उघडून बसलो. पट्टी घेतली, पेन घेतलं. त्याच्या नावावर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला मोकळा लिहायचं. एवढंच काम.

हातावर हात आला. लहानपणी त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवताना मी त्याच्या मुठीवर माझी मूठ ठेवायचो. तसा. उबदार होता. माझा हात थंड. पेन नावाच्या खाली सरकलं. रेघ नावाखाली पडली. अधोरेखित झालं.

चार वेळा केलं. चार रेघा खाली.

२६ एप्रिल

पान फाडायला गेलो. बोटांना कागद लागत नाही.

मोतीरामजींकडे गेलो. ते ओट्यावर होते. मी समोर उभा राहिलो. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून बरं, आवाजाने ओळखतील असं वाटलं. ते म्हणाले, कोन, शेखर का रे लेका. मग त्यांचा चेहरा बदलला आणि ते आत गेले. दाराला कडी लावली.

२८ एप्रिल

जेवलो नाही. काल पण नाही बहुतेक.

तो आता रविवारची वाट पाहत नाही. खालच्या दुकानाचं शटर आतून वाजतं. सुतळी ओढल्याचा आवाज—

इतके दिवस मला हेच पाहिजे होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

करिश्मा आली. दुपारच्या गाडीने. मोठेबाबा, मोठेबाबा, करत दोन्ही खोल्या फिरली. मी पलंगावर बसलेलो. तिसऱ्या वेळी दिसलो. दचकली. किती वाळलात, म्हणाली. माझा हात धरला तिने. मला कळलं नाही, बघितल्यावर दिसलं की धरला आहे.

स्वेटर घातलं आहे तिने. अकोल्यात, एप्रिलात.

पोळ्या केल्या. तीन ताटं वाढली. तिसरं का, ते तिलाही सांगता आलं नाही. हसली. बाबा इथेच आहेत असं वाटतं म्हणाली, खूप दिवसांनी बरं वाटतंय.

उद्या खुर्चीमागे मीही तुमच्याजवळ उभी राहते, असं म्हणाली.

मी ओरडलो. ती पोळीला तूप लावत होती.

३० एप्रिल, अखजी

सकाळपासून बसलो आहे. या वहीत हात चालतो. रजिस्टरवर नेला की—

अठरा रेघा. सगळ्या नावाखाली.

दोन वाजले. सूर्यभानजींनी माणूस पाठवला होता. त्याने खोलीत डोकावून पाहिलं. करिश्माला म्हणाला, काका नाईत का, मंग तुमीच चाला ताई, घरचं कोनी लागते. ती हो म्हणाली. साडी नेसते आहे. तिच्या आईची, हिरवी.

तीन वीस. तिचे ओठ हलताहेत आरशासमोर. घसा खाकरला तिने. तिचा नाही तो.

मला वाटतंय. आता वाटतंय मला सगळं, छातीत, इतकं की— रडू येतंय. सहा महिन्यांनी. शेखर, तू गेलास. तू दुकानात कललास आणि गेलास, मी अग्नी दिला, मला माहीत आहे, मी मान्य करतो. जा तू.

पट्टी ठेवली. पेन इथून नावावर नेतो. तुझा हात आहे वर.

ती जिना उतरते आहे. सोड. मला ठेव, वर्षभर काय ते माझ्यातून घे, पण तिच्या—

नाही, मला ठेवून भागत नाही. मी उरलोच नाही. रेघच पाहिजे.

शेखर, तुझी पोरगी आहे ती. हात काढ. एक रेघ मारू दे, एकच, मी तुला कधी काही मागितलं ना—